हातचा एक

सारेमा बेटाच्या टोकाला
नोव्हेंबरात चारलाच अंधार पडतो.
सार्जंट हिल्ले रँडमा, सिग्नल विभाग,
बुटांच्या नाड्या सैल करून पडद्यासमोर बसते.

पडद्यावर समुद्र एकच,
पण भिशीसारखा, सात देशांनी हप्ते घातलेला.
कुणाचं रडार, कुणाचं विमान,
कुणाचा पाण्यात बुडवलेला कान.
आणि भिशीत असतं तसंच:
हप्त्याचा आकडा सगळ्यांना पाठ,
घरात किती, ते कुणी बोलत नाही.

काही ठिपके नाव-गावासकट येतात.
काही तासभर उशिरा,
धुऊन, वाळवून, घडी घालून.
काही येतच नाहीत.
तरी बेरीज जुळते.
हातचा ज्याच्या त्याच्या मुठीत.

त्या रात्री सव्वादोनला, केबल जाते तिथे वर,
एक रिकामी जागा
जरा जास्तच रिकामी वाटली तिला.
तिने फॉर्म भरला. फॉर्म वर गेला,
वरून आडवा, आडव्यावरून आणखी वर.
उत्तर आलं: विनंती मिळाली.

मग तिने फोन लावला. साधा, भिंतीवरचा.
बोर्नहोमवर टोर्बेन लुके.
जर्मनीतल्या सहा आठवड्यांच्या कोर्सात
त्याने तिच्या सायकलची चेन बसवली होती
आणि त्याच काळ्या हातांनी पाव खाल्ला होता.
तो थोडं थांबला. म्हणाला,
"आज कॉफी कडक कर."

एवढंच. कुठल्याच नियमात हे गुपित नाही.
तिने गस्तीची बोट उठवली.
एक गंजकं मालवाहू जहाज, नांगर अर्धा सोडलेला.
इंजिन बिघडलंय, कप्तान म्हणाला.
बिघडलंही असेल.

अहवालात लिहिलं: मित्रदेशांचा समन्वय उत्तम.
सोबतच्या आकृतीत चौकोन होते, बाण होते,
सायकल नव्हती.

फेब्रुवारीत फोन इकडे वाजला.
"हिल्ले, तुमच्याकडे हवा कशी?"
पडद्यावर एक ठिपका होता.
त्याच्याखाली लाल अक्षरांत: फक्त आपल्यासाठी.
खुर्चीमागे कॅप्टन उभा, काही न बोलता.

"बर्फ," ती म्हणाली. "नुसता बर्फ."

तारेत बराच वेळ समुद्र ऐकू येत राहिला.
मग टोर्बेनने विचारलं, सायकल चालते का अजून?

चालते.
चेन तीच आहे.