पेवात कंदील

मार्केट यार्डात सौदे सुरू व्हायच्या आत
मी टेबल मांडते:
एक नळी, तिच्यावर सरकणारा लाल काटा,
पुठ्ठ्याची तोंडं, मोजून बत्तीस,
आणि उभ्या रेघांची लांब वही.

"छाती भरून घ्या. ओठ घट्ट. आता एकदम फुंका."
झोपेतही म्हणते मी हे,
असं नवरा सांगतो.

शिराज नदाफ, हमाल, वय एकोणचाळीस.
सोमवारी सकाळी चारशे दहा,
गुरुवारी संध्याकाळी दोनशे साठ.
सुट्टी झाली की काटा पुन्हा वर.
श्वासालाही बाजाराचे वार पाठ असतात.

रत्नाबाई ऐवळे हळकुंडं निवडतात.
पदर नाकावर, पापण्या पिवळ्या.
मी दिलेले मास्क त्यांनी धुऊन, घडी घालून
ट्रंकेत ठेवलेत.
"ब्येस कापड हाय, रोज कशाला मळवायचं?
आन हळद कुणाला बाधती व्हय, बाई?
नवरीला लावतो, लेकराच्या जखमंवर दाबतो,
देवावर तर उधळतोच की."

काय सांगू?
माझा गुडघा फुटला तेव्हा आईनेही
आधी हळदीचाच डबा शोधला होता.
म्हटलं, हळदीला नाही म्हणत मी.
पॉलिशच्या ड्रममधनं उडतं ते पीठ,
पोत्यांचा ताग, ओल धरलेल्या मालावरची बुरशी,
यातलं नेमकं काय, तेच शोधतेय.
"म्हंजी तुमास्नी बी ठावं न्हाई,"
त्या म्हणाल्या, समाधानाने,
आणि फुंकलं.
एकशे नव्वद.

रविवारी हरिपूरला गेले.
कलगोंडा बिरनाळे, एक्क्याऐंशी पूर्ण,
तरुणपणी पेवं उघडायचे.
नळी हातात घेऊन उलटसुलट पाहिली.
"आमच्याकडं बी हुतं असलं यंत्र.
पेवाचं तोंड फोडलं की लगीच उतरायचं न्हाई.
दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा.
ज्योत जगली, तर माणूस जगंल.
इझली, तर थांबायचं. दिवसभर थांबायचं."
मग बराच वेळ संगमाकडे बघत राहिले.
"एकदा थांबलो न्हाई," एवढंच म्हणाले.
चहा आला. चहात साखर जास्त होती.
हे वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं
मला कळलं नाही.

निबंध परत आला: नमुना लहान,
धुळीची मोजमापं अपुरी.
बरोबर आहे त्यांचं.

मग शिराजचे आकडे चढायला लागले.
चारशे नव्वद. पाचशे वीस.
भर हंगामात, गुरुवारी, संध्याकाळी.
मी खूश झाले, आणि त्या रात्री मला झोप आली नाही.
दुसऱ्या दिवशी त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं:
तो फुंकत नव्हता. थुंकावं तसा
जिभेने हवा सोडत होता.
काटा फसतो त्याला.

टेबलामागे येऊन हळूच म्हणाला,
"मॅडम, मुकादम तुमची वही चाळतो.
ज्याचा आकडा कमी, त्याला
पुढच्या हंगामात टोळीत घेत न्हाईत म्हणं."

अकरा ओळींवर मी रेघ मारली.
नावं काढली, नंबर घातले.
वही आता माझ्या पर्समध्ये, डब्याच्या खाली,
तिला पोळीभाजीचा वास येतो.
"आता खरं फुंक," म्हटलं.

त्याने डोळे मिटले.
मी काट्याकडे नाही, त्याच्या गळ्याच्या खळगीकडे पाहत होते,
दर श्वासाला ती आत ओढली जात होती,
आणि मला दोरी दिसली, हळूहळू खाली जाणारी.

दोनशे दहा.

"थांब आजच्या दिवस," मी म्हणाले.
बाहेर सौदा पुकारला गेला.
त्याने टॉवेल डोक्यावर बांधला,
हसला थोडासा, माझीच समजूत काढल्यासारखा,
आणि पोत्याखाली वाकला.

क्रमांक सत्तावीस. दोनशे दहा. तीन वेळा तपासलं.
शेरा: ज्योत आहे.
खोडलं. पुन्हा लिहिलं:
शेरा नाही.