कोल्ह्याचा थेंब

खरबूज देगेत काहीच देत नाही,
लियाकतचाचांनी करून पाह्यलंय:
चौदा किलो, एक अख्खी रात्र, लाकडाची मंद आच,
आणि सकाळी मोमिनपुऱ्याच्या गल्लीभर
उकडलेल्या भोपळ्याचा वास.
गुलाब देतो, केवडा देतो, वाळा तर मुळासकट देतो,
भाजलेली मातीसुद्धा देते.
खरबूज तेवढं चिवट.
की भोळं, कोण जाणे;
जे असतं ते सुरी लागताच देऊन टाकतं,
मग शिल्लक नुसतं पाणी.

म्हणून ते मुंबईहून येतं, ॲल्युमिनियमच्या डब्यात.
वर नाव नाही, आकडा.
शंभरात एक थेंब. जास्त झालं तर डोकं धरतं.
कागदी पट्टी बुडवून मी वहीत लिहिते:
आधी काकडी. मग साल. मग
(इथं तीनदा खोडलंय)
समुद्र.
तिकडे म्हणे ह्याच थेंबाला समुद्र म्हणतात,
निळ्या बाटल्यांत भरून विकतात.
मी समुद्र पाहिला नाही.
आमची सहल झिरो माइलच्या खांबापर्यंत गेली होती
आणि तिथून सगळंच सारखं लांब होतं.

मे महिना. सत्तेचाळीस.
कूलरच्या वाळ्यावर पाणी मारता मारता
लेबलं चिकटवणाऱ्या पार्बताबाईंनी पट्टी नाकाशी धरली.
त्यांच्या वडिलांची कन्हानच्या पात्रात डांगरवाडी होती,
रेतीचे ट्रक यायच्या आधी.
बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग: "डांगर नोहे हे, बाई.
डांगराच्या आंगावरचं दव हाये."

चाचांनी चष्मा कपाळावर चढवला. काय कमी आहे?

"कोल्हा."

आम्ही हसलो. त्या नाही हसल्या.
"बाप म्हने, कोल्ह्यानं तोंड लावलं तेच गोड.
बाकीचे बाजारात, ते आमच्या घरी.
दात लागला तेवढा भाग काढून फेकाचा,
तरी वास राह्यते उरलेल्यात.
आंबूस. गरम. जित्या जनावराचा.
त्याच्याबिना मले अजूनही गोड लागत नाही."

चाचा उठले. मागच्या फळीवरून
एक कुपी काढली, जी गिऱ्हाइकांपुढे कधी उघडत नाहीत.
सुईच्या टोकावर येईल एवढंसं.
नवी पट्टी हवेत हलवून पार्बताबाईंकडे दिली.

त्यांनी डोळे मिटले नाहीत,
गोष्टीतल्यासारख्या रडल्याबिडल्या नाहीत.
पदरानं नाक पुसलं, पुन्हा हुंगलं, म्हणाल्या,
"आता माशी बसन याच्यावर."

खरबूज नंबर चार. पाच मिलीला नव्वद रुपये.
मनगटावर पंधरा मिनिटं टिकतं, कूलरसमोर वीस.
गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की मी भिंतीकडे बोट करते:
विकलेला माल परत नाही.

रात्री पट्ट्या खिळ्याला टांगून आम्ही शटर ओढतो.
सकाळी वर करावं तर
वाळा सुकून कडक,
खरबूज केव्हाच गेलेलं,
दवही,
आणि कागदाच्या अगदी खालच्या टोकाला
अजून जागा
कोल्हा.