सावल्या बंद

डाळ मिलच्या हिशेबाच्या खोलीतून तो माझ्याकडं आला,
दिवाळीच्या बोनसऐवजी. गंगाधरअप्पा म्हणाले,
घे, तुझ्याच हाताला त्याची सवय हाय.
चार जीबी रॅम. बॅटरी मेलेली.
फटीफटीत तुरीचा भुसा,
आणि आर हे बटण नाही.
कसं गेलं ते मलाच माहीत:
सहा हंगाम आर दाबलं की पावती निघायची,
दर पोत्याला एक.

रेवणसिद्ध नांदेडहून फोनवर म्हणाला, खेळ की एखादा,
पाच जण इकडं, पाच तिकडं, मधी तीन वाटा,
समोरच्याचा बुरूज पाडायचा. सोपं हाय.
त्यानं सांगितलेला खेळ चाळीस जीबीचा.
मला रोज दीड मिळतो, अठ्ठावीस दिवस.
पावतीपुस्तकाच्या मागं भागाकार केला:
सत्तावीस दिवस उतरवायचा,
एक दिवस खेळायचा.

दुसरा उतरला. उघडलासुद्धा.
पण मी पाऊल उचलायची
आणि ते टेकायच्या आत
कुणीतरी मला मारून निघून गेलेलं असायचं.
माझं मरणही मला उशिरा दिसायचं.
पंख्याचा आवाज गिरणीसारखा. आई आतून म्हणाली,
काय दळूलालीस गं रात्रीचं?

देगलूर रोडच्या तौफिककडं नेला.
त्यानं झाकण खोलून ब्रशनं भुसा काढला, ओंजळभर.
इसमें तो बैल का पेट भरता बाजी, म्हणाला,
आणि एका जुन्या खेळाचं नाव
चिठ्ठीवर लिहून दिलं, औषधाचं देतात तसं.
दिखने में गरीब है. पन चलता.

रात्री बसून एकेक काढून टाकलं.
गवताचं हलणं बंद.
पाण्यातलं आभाळ बंद
(आमच्या नळाला आठव्या दिवशी पाणी,
त्यात आभाळ बघायला कुणाला वेळ).
धूर, धूळ, ठिणग्या बंद.
मग यादीत आलं: सावल्या?

बाहेर एप्रिल.
मोंढ्यात एकाच निंबाखाली बारा हमाल, दोन कुत्री
आणि माझी खुर्ची, दुपारभर सरकत असते
ती सरकेल तशी.
बोट जरा थांबलं.
मग सावल्याही बंद केल्या.
राहिली नागडी माती, तीन वाटा,
आणि माणसं, बाराच्या ठोक्याला असतात तशी,
पायांपुरती.

खरं कारण मात्र वेगळंच.
या खेळांत साधे घाव क्यू, डब्ल्यू, ईवर असतात,
आणि राखून ठेवलेली मोठी ताकद आरवर.
कुणीच ती हलवू देईना. यानं दिली.
मी ती स्पेसबारवर नेऊन ठेवली,
सगळ्यात रुंद बटण,
लाईट गेली तरी अंगठ्याला सापडतं.

पहिल्या डावात जखमा भरणारी घेतली,
मागं उभी राहणारी.
चौघं अनोळखी. एकजण काही न बोलता
माझ्या डोक्यावर प्रश्नचिन्हं टाकायचा.
मी चुकीच्या वाटेनं गेले, दोनदा मेले.
कुणीतरी इंग्रजीत लिहिलं, घरी जा.
मी घरीच होते.

तेवढ्यात खालच्या वाटेवरून
काळंमांजर नावाच्या कुणीतरी
इंग्रजी अक्षरांत टाकलं:
थांब की, येऊलालो.

येऊलालो!
सिंगापूरच्या कुठल्यातरी यंत्रातून फिरून
हा शब्द माझ्याकडं आला.
निलंग्याचा असेल, औशाचा, का दोन गल्ल्या सोडून?
लिहायला गेले, कुठला रे तू.
रे म्हणायला आर लागतो.
'कुठला ए तू' असंच गेलं.
एरवी मी कुणाला ए म्हणत नाही.

तो माझ्यापुढं येऊन उभा राहिला, रक्त कमी, सावली नाही.
मी अंगठा दाबला.
तो भरत गेला, हिरवा, ठोकळ्याठोकळ्यांचा,
आणि लढता लढताच त्यानं उत्तर टाकलं:
मोंढ्याच्या मागं.

कुठल्या मोंढ्याच्या,
ते विचारायच्या आत बुरूज पडला.
आमचाच.