दीड वेढा

ऑरिनच्या गॅरेजमधला हीटर फक्त पायांना पुरतो.
मीडव्हिलमध्ये नोव्हेंबर, प्रेसचा दांडा बर्फासारखा.
"तू कारखान्यात गेज तपासतेस ना," तो म्हणाला,
"मग माझी बोटं हो तासभर. माझी मेलीत."
मधुमेह. टोकांपासून सुरू होतो.

पाच घरं या यंत्राला, मध्ये फिरती तबकडी.
दांडा एकदा खाली, एकदा वर,
आणि पितळेची प्रत्येक नळी एक घर पुढे:
पहिल्यात जुना प्रायमर निघतो, परतताना नवा बसतो,
मग दारू पडते, मग ती पुरेशी पडली का ते बघणारी कांडी,
मग गोळी, मग कड आवळणं.
दारू. मनातल्या मनात मराठीत म्हटलं आणि हसले.
ऑरिनने एकोणीस वर्षांत थेंब घेतलेला नाही,
आणि डोक्यावर नळकांडंभर टांगून बसलाय.

दुखणं असं:
तबकडी सरकते ती हिसका देऊन,
भरलेल्या नळीतून चार-सहा कण उडतात,
ते जातात तबकडीखाली,
मग पुढचा प्रायमर केसभर उंच राहतो.
केसभर म्हणजे किती ते मला विचारा,
माझा पगार त्यावरच चालतो.
यावर त्याने काय केलं, तर तीन स्क्रू एकदम फिरवले.
आमच्या खात्यात या पापाला माफी नाही.

सगळं खोललं. ब्रशने झाडलं.
मधला बोल्ट घट्ट, मग किंचित मागे,
जागेवर नेलपॉलिशचा ठिपका, लाल, पर्समधलाच.
एका वेळी एकच. ऑरिन चुळबुळतो.
एका वेळी एकच, ऑरिन.

काटा मात्र स्थिरावेना.
दादा विट्याचे, गलाईवाले, कोइमतूरच्या एका बोळात
आयुष्यभर सोनं गाळलं.
तराजूजवळ श्वास सोडायचा नाही, म्हणायचे,
लाल गुंज चिमटीत, काळा डोळा वर.
इथलं माप ग्रेन. गुंजेत जेमतेम दोन बसतात.
मी उठून हीटर बंद केला.
काटा थांबला. आम्ही दोघं कुडकुडलो.

सकाळी शाळेचा निरोप आला होता:
आज सराव घेतला, मुलं छान शांत राहिली.
केयूर सात वर्षांचा आहे.
दिवे घालवून, कोटांच्या मागे, वीस मिनिटं.
मी हे ऑरिनला सांगितलं नाही.
सांगणार होते. हातात स्क्रूड्रायव्हर होता.

"एवढ्या लागतात कशाला?" एवढंच विचारलं.
"कागदावर मारायला. कंबर गेल्यापासून हरणंही नाहीत."
खरं असावं. तो खोटं बोलणारा माणूस नाही,
माझ्या पायऱ्यांवरचा बर्फ न विचारता काढतो.
तरी मोजण्याचा धंदा असलेल्या बाईला
कधी कधी काट्याची दिशाच कळत नाही.

शेवटी सापडलं. तबकडीखाली एक छर्रा,
छर्र्याखाली स्प्रिंग, गरजेपेक्षा ताठ.
पक्कडीने दीड वेढा कापला, टोक घासून सपाट केलं.
दांडा ओढला.
तबकडी सरकली, पाटावर वाटी सरकावी तशी.
नळीतली दारू थरथरली, सांडली नाही.
"ऐक," ऑरिन म्हणाला. ऐकण्यासारखं काही नव्हतं,
तेच तो ऐकत होता.
डोळे मिटून त्याने दहा वेळा दांडा ओढला.
मी दहाही नळ्या उपसून काट्यावर रिकाम्या केल्या.
दहाही बरोबर.

घरी केयूरने माझ्या कोटाच्या खिशात हात घातला,
नेहमीसारखा, चॉकलेटसाठी.
तारेचा तुकडा निघाला, वळलेला, चकचकीत.
"हे काय?"
एका मशीनचं आहे. जोर जास्त होता त्यात, म्हणून कापलं.
त्याने तो बोटात अंगठीसारखा घालून पाहिला.
मोठा झाला.
"मग आता ते शांत बसतं?"