आज कितवीत?

घंटाळीच्या वळणावर गटाराचं झाकण
बोटभर वर आलेलं होतं.
स्कूटी एकीकडे, मी दुसरीकडे,
मधे शेपूच्या दोन जुड्या.
सांगताना लोक थांबतात,
पुढे काहीतरी असेल म्हणून.
पुढे काही नाही. पुढे खांदा.

पाचपाखाडीच्या डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं:
इथून फाटलाय,
हाडापासून सुटून आलाय.
मी तीस वर्षं शिवणाचे क्लास घेतले.
विचारलं, टाके किती, दोरा कुठला?
ते हसले. म्हणाले, हाडात चार खिळे, त्यांना दोरा.
मी मान डोलावली, पण ठाऊक होतं,
उसवलेली बाही कितीही नीट जोडा,
मुंढ्याला ओढ राहतेच.

सहा आठवडे हात झोळीत.
रात्री खुर्चीतच, बसल्या बसल्या झोप,
तीनला जाग, मग दुधाच्या टेम्पोची वाट.
एकसष्टाव्या वर्षी प्रभाकर वेणी घालायला शिकला.
पहिली वेणी सुंभासारखी झाली.
ब्लाउजचे हूक लावताना तो खिडकीबाहेर बघायचा,
जसे काही हूक तिकडे आहेत.

मग चरईतली जोस्लिन.
नखं बारीक कापलेली, हात गरम.
"भिंतीवर बोटं चालव आंटी, मुंगी चढते तशी.
दुखेल. दुखू दे. पण थांबू नको."

आमच्या घरात मोकळी भिंत एकच,
स्वयंपाकघराच्या दाराशी,
तिथे मी कधी कॅलेंडरसुद्धा लावू दिलं नाही.
शलाकाच्या उंचीच्या रेघा.
पेन्सिलीच्या, प्रत्येकीपुढे तारीख,
प्रभाकरच्या बँकेतल्या अक्षरात.

पहिल्या दिवशी बोटं बालवाडीपाशीच थांबली.
कपाळावर घाम, दातांत पदर.
दुसरीत गेले तेव्हा गणपती येऊन गेले होते.
चौथीत पंधरा दिवस नापास.
जोस्लिन कोनमापक लावून म्हणायची, नव्वद.
मी म्हणायचे, चौथी.
हॅलिफॅक्सहून फोन यायचा,
"आई, आज कितवीत?"
"पाचवी. अ तुकडी."
ती हसायची, मग तिकडे कुणीतरी तिला हाक मारायचं.

तेवढ्यात सोसायटीची नोटीस आली.
इमारत पाडणार, तीस तारखेपर्यंत घरं रिकामी करा.
बायका जिन्यात कार्पेट एरियावर बोलत होत्या.
मी मनात वर्ग मोजत होते.
सातवी. आठवी.
आठवीत एक टाका तुटल्यासारखं झालं,
जोस्लिनने दाबून पाहिलं, म्हणाली, काही नाही, घाबरलीस फक्त.

तीस तारखेला सकाळी
गॅस तोडलेला, चहा नाही,
खोलीत आपलाच आवाज परत येत होता.
माणसं कपाट उचलायला दारात उभी.
मी भिंतीशी गेले.
नववी.
नववी आणि दहावीत दोनच बोटांचं अंतर,
मुली त्या वयात फार वाढत नाहीत.
दहावीनंतर रेघच नाही. "पुरे आता," म्हणाली होती,
आणि दप्तर घेऊन खाली गेली होती.
मी ती दोन बोटं चढू शकले नाही.
प्रभाकर म्हणाला, "स्टुलावर उभी राहा ना."
म्हटलं, "कॉपी करून पास होऊ?"
त्याने मोबाइलवर भिंतीचा फोटो काढला.
हलला होता तो फोटो. मी पाहिला, बोलले नाही.

आता मानपाड्याला, अकराव्या मजल्यावर, भाड्याने.
भिंती पांढऱ्या, गुळगुळीत, बोटं घसरतात.
जोस्लिन म्हणते, एकशे तीस. छान.
मी विचारते, म्हणजे कितवी?
तिला तो विनोद पुरता कधी कळलाच नाही.

परवा आरशासमोर पिन पडली,
आणि दुसरी खोचायला हात आपोआप मागे गेला,
मानेच्या वर, केसांपर्यंत,
कुणालाही न विचारता.
मी तो तसाच हळूच खाली आणला.

प्रभाकरला अजून सांगितलं नाही.
रोज सकाळी फणी त्याच्या हातात देते
आणि पाठमोरी बसते.