कवेलू फेरताना

मे महिन्यात सकाळी सहालाच मी वर चढतो.
दहानंतर कवेलू हातात धरवत नाहीत.
गोरेवाड्याच्या रानाला पाठ लावून बसलेला हा मठ
रस्त्यावरून दिसतच नाही नीट:
पळस, तेंदू, आडवं वाढलेलं एक मोहाचं झाड
आणि त्यांच्यामध्ये, त्यांच्याहून ठेंगणं, छप्पर.

शिखर नाही. घंटा आहे,
ती कडुनिंबाच्या फांदीला.
दार असं, की ब्रदर तिर्कींनाही वाकावं लागतं,
आणि ब्रदर तिर्की माझ्या खांद्याला लागतात.

भिंती नाल्यातल्या काळ्या दगडाच्या,
सापडले तसे रचलेले, टाकी न लावता.
बाप म्हणायचा, गवंडी आळशी असेल,
नाहीतर फार हुशार.
एकोणतीस उन्हाळे त्यानं इथले कवेलू फेरले.
तेव्हाच्या म्हाताऱ्या फादरांच्या कमरेच्या दोरीला
तीन गाठी बघून त्यानं विचारलं होतं,
शिडी तर दोन गाठींत बांधून होते,
तिसरी कशाला?
ते खूप हसले म्हणे.
उत्तर काय दिलं, ते बाप विसरला.

वरून सगळं दिसतं.
एक ओळ काढली की खाली एक खोली उघडी पडते:
बाज. घोंगडी. सुरई.
खिळा, खिळ्याला दुसरा तपकिरी झगा.
पुढची ओळ, पुढची खोली. तशीच बाज, तसाच खिळा.
मी लोकांच्या घरांवर चढणारा माणूस,
लोक माळ्यावर काय काय दडवतात मला ठाऊक आहे.
इथे माळाच नाही.

एरवी शहरात मी स्लॅब टाकतो, पोट त्यावरच.
दरवर्षी सांगतो, ब्रदर, एकदा स्लॅब टाकून घ्या,
जन्माची कटकट मिटेल.
दरवर्षी ते शिडी धरून उभे राहतात
आणि विचारतात, चहात साखर किती.

यंदा वेदीच्या वरच्या ओळीत
एक जुनं कवेलू निघालं. ओलं असताना
कुणाच्या तरी बकरीनं त्यावर पाय दिलेला.
दुभंगलेला खूर, स्पष्ट. तिथूनच चीर गेलेली.
खाली दाखवलं. म्हटलं, हे फेकतो.
त्यांनी उन्हात धरलं, अंगठ्यानं धूळ पुसली.
"गळेल?"
"गळेल."
"मग इथे नको. माझ्या खोलीवर बसव."

बसवलं.
बरोबर बाजेवर येत होतं,
मी दोन कवेलू पलीकडे सरकवलं.
त्यांना सांगितलं नाही.