कापड उजेडात धर

आई म्हणते, आधी काख बघ.
मग कॉलर, मग बाहीची कड,
मग कापड उजेडात धर.
जिथून पलीकडची टाकी दिसेल
तिथं दोन वाट्या कमी.

तिचा हिशोब अजून वाट्यांतच.
फुलेनगरातून पायी निघायची,
डोक्यावर स्टीलची चळत,
गंगापूर रोडच्या जाळीच्या दारांशी
हाळी देऊन टोपली उतरवायची.
तीन पँटी, एक शर्ट : एक डबा.
झाकण पाहिजे तर अजून एक साडी आणा, ताई.
ताई साडी शोधायला आत जायच्या
आणि नवऱ्याचा स्वेटर घेऊन बाहेर यायच्या.

मी पायी निघत नाही.
सकाळी आठला गच्चीवर चढते,
टाकीच्या पांढऱ्या भिंतीवर हँगर अडकवते.
साडेआठनंतर ऊन चढतं, मरून लाल दिसतो,
मग परत आलेल्या पार्सलचं भाडं माझ्या बोकांडी.

अ‍ॅप विचारतं, स्थिती?
नव्यासारखी. चांगली. ठीक.
तीनच खण.
आई विचारते,
धुऊन धुऊन मऊ झालेलं कुठं लिहायचं?
तिच्या लेखी ते सगळ्यात महाग.
इथं त्याचेच पैसे कापतात.

निळा ब्लेझर.
बुधवारच्या बाजारात, गोदेच्या काठी,
ढिगातून ऐंशीला काढला.
ड्रायक्लीन एकशे वीस.
एक बटण गेलेलं, जुळणारं मिळेना,
म्हणून पाचही बदलली, पंचवीस.
पिशवी सात. अ‍ॅपचा वाटा शंभराला वीस.
लिहिले सहाशे नव्व्याण्णव.
सातशे म्हण ना, आई म्हणाली,
एक रुपया कुणाला वाटतेस?

रात्री अकरा पस्तीसला
तेजस्विनी ओढेकर, पाथर्डी फाटा.
लास्ट प्राइस?
साडेसहाशे.
तीनशे? आणि एक हसरा पिवळा चेहरा.
मी काहीच लिहिलं नाही.
गप्प बसणं मी आईकडूनच शिकले,
पण तिची गप्प टोपली दिसायची तरी.
मग तीच : चारशे. सोमवारी इंटरव्ह्यू आहे.

काय म्हणते? शेजारी आई जागीच.
इंटरव्ह्यू आहे म्हणते.
सगळ्याच म्हणतात.
माझ्या वेळी सगळ्यांच्या घरी लग्न असायचं.

पंखा फिरत राहिला.
काख चांगली आहे का त्याची?
चांगली आहे. अस्तर उसवलंय, डावीकडं.
तिला सांगितलंस?

फोटो चार टाकलेत. समोरून, मागून,
बटणं जवळून, आणि उजवी बाजू.
आईनं मोजले नाहीत, तरी तिला कळलं.
म्हणाली, दारात कापड दोघींच्या मधे असायचं.
ती एक टोक धरायची, मी एक.
लपवायचं म्हटलं तरी कुठं?
मला आठवलं, तळाला खरकट्या दिवसांत
पोचे आलेला डबाही ती वरच ठेवायची;
पण पोचा भिंतीकडं करून.
ते मी बोलले नाही.

उठले. ट्यूब लावली.
अस्तराचा फोटो काढला, वीतभर उसवण,
आत पांढरा कॅनव्हास, शिंप्याच्या खडूची रेघ.
पाठवला. खाली लिहिलं : पाचशे. शिवून देईन.
दोन टिकल्या निळ्या झाल्या.
उत्तर नाही.

आईनं तोवर चष्मा घातलेला.
सुईत दोरा मीच ओवून दिला,
काळा, निळा सापडला नाही.
बारा वाजून गेले तरी ती टाके घालत होती,
बाहेरून दिसणार नाहीत असे,
विकलं जाईल की नाही
हे कुणालाच ठाऊक नसताना.

एक दहाला फोन थरथरला.
खिसे खरे आहेत का? की नुसते शिवलेले?

मी आईच्या मांडीवरच्या ब्लेझरात हात घातला.
मनगटापर्यंत गेला.
खरे आहेत, मी लिहिलं.

खिशांचे वेगळे घे, आई म्हणाली,
आणि दाताने दोरा तोडला.